मुलांच्या वाढीत या चुका टाळा: नको तिथे घाई आणि हवी तिथे "बघू की"

संध्याकाळी सोसायटीच्या गार्डनमध्ये आया बसतात तिथे कान दिला तर दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. एक म्हणजे "अजून चालत नाही गं, काय देऊ?" आणि दुसरं "बोलेल की, त्याचे बाबा पण उशिराच बोलले." आता गंमत बघा, चालण्याच्या बाबतीत बहुतेक वेळा काहीच द्यायचं नसतं, आणि बोलण्याच्या बाबतीत मात्र चार महिन्यांपूर्वीच कुणाला तरी दाखवायला हवं होतं. मला विचाराल तर मुलांच्या वाढीतल्या बऱ्याच चुका अशाच उलट्या घड्याळाच्या असतात. प्रेम कमी नसतं, पैसा पण ओततात लोक, फक्त घाई भलत्या ठिकाणी करतात.

पोटात असल्यापासूनच सुरू करू. फोलिक ॲसिड. बऱ्याच जणींचं कसं होतं, पाळी चुकली, घरी टेस्ट केली, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत अजून पंधरा दिवस, आणि मग गोळी सुरू. पण बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. डॉक्टरांचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांनी "सहा आठवडे" म्हटलं तर गर्भ चारच आठवड्यांचा असतो, आणि तोवर हे काम उरकलेलं असतं. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी प्लॅनिंग करताय तेव्हापासूनच. आधीच्या बाळाला मणक्याचा त्रास असेल, शुगर असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा लागू शकतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

"दोन जिवांचं खा" हे पण जरा आवरा. पहिले तीन महिने जास्तीचं जवळजवळ काहीच लागत नाही, नंतर रोज ३५० कॅलरीच्या आसपास, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर उसळ, बस. आणि लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर धड अंगी लागत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या.

मग येतो मुहूर्त. सिझेरियनच करायचंय तर चांगला दिवस बघून करू, हे मुंबईत आता कुणाला विचित्र पण वाटत नाही. मेडिकल कारण असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच, त्यात वाद नाही. पण काही कारण नसताना फक्त गुरुपुष्य गाठायचा म्हणून ३७व्या आठवड्यात बाळ बाहेर काढणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. या शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं पिकत असतात, मेंदू भराभर वाढत असतो, ३५व्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांशच असतं. ३९ आठवडे पुरे होऊ द्या, ग्रह कुठे पळून जात नाहीत.

जन्मानंतरचं पटकन सांगते कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घरोघरी होतं. पहिल्या तासात अंगावर पाजायला घ्यायचं, पिवळसर घट्ट चीक फेकायचा नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही (हो, मे महिन्याच्या उकाड्यात पण नाही, दुधात पुरेसं पाणी असतं), आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही कारण त्यात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे जंतू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्याला ते अडवता येत नाहीत. सासूबाई म्हणतील आम्ही सगळ्यांना चाटवला. म्हणू देत. आणि मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, बाळाची छाती पिळायची नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाची, मुलगा असो की मुलगी, छाती कधी कधी फुगलेली दिसते, थेंबभर दूध पण येतं, ते आईच्या हार्मोनमुळे आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. पिळत बसलं की इन्फेक्शन, पू, मग चिरा द्यायची वेळ. नाकाकानात तेल पण नको.

"खातच नाही" हा पुढचा मोठा विषय, आणि तो बरोब्बर पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होतो. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, ३ किलोचं ९, आणि दुसऱ्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढच मंदावली तर भूक कमी होणारच ना? पण आपण मोबाइल लावतो, तोंड उघडलं की घास कोंबतो, आणि राहिलेलं पोट दुधाने भरतो. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जायला लागलं की जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडतं, मग दिसायला गुटगुटीत पोर रक्त तपासलं की ॲनिमिक निघतं. त्यापेक्षा लसीकरणाच्या फाइलमधला वाढीचा तक्ता काढून बघा. डब्ल्यूएचओचे २००६ चे तक्ते ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बनले त्यात आपल्या दिल्लीची मुलं पण होती, त्यामुळे "ते फॉरेनच्या मुलांसाठी" हे कारण चालत नाही. खालच्या रेषेवर असून त्याच रेषेने वर सरकतंय तर निवांत राहा, पण वरच्या रेषेवरून दोन रेषा खाली आलंय तर शेजारच्या मुलापेक्षा गुबगुबीत असलं तरी दाखवा.

चालणं तर सोडूनच द्या. कुणाच्या मदतीशिवाय चालायला डब्ल्यूएचओच्या हिशोबाने ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरुवात होऊ शकते, एवढी मोठी रेंज आहे. वॉकर आणू नका. त्यात मूल बोटांवर ढकलत राहतं, तोल सावरायला शिकत नाही, आणि जिन्यावरून किंवा गॅसच्या ओट्यापाशी जाऊन आपटतं ते वेगळंच. कॅनडाने २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली. आणि बाळ दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर ८ महिन्यांचं असताना त्याला ६ महिन्यांचं धरून बघायचं, दोन वर्षांपर्यंत असंच.

आता बोलणं. इथे मात्र मी कुणाला "थांब" म्हणत नाही. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, १६ महिन्यांपर्यंत अर्थाचा एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" असे दोन शब्द जोडून नाहीत, किंवा आधी बोलत होतं आणि आता शब्द गेले, यातलं एक जरी असेल तर दाखवायचं. शेवटचं तर कुठल्याही वयात, लगेच. आणि पहिली तपासणी कानाची, जरी दाराची बेल ऐकून धावत येत असेल तरी, कारण मोठे आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज नाही असं होऊ शकतं. खरं तर ही टेस्ट जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच करून घ्यायची असते, म्हणजे काही असेल तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत कानाचं मशीन. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवणाचीच राष्ट्रीय संस्था. लांब पडत असेल तर सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत विचारा.

याच्याच उलटी चूक म्हणजे दोष भाषांवर ढकलणं. घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी, प्लेग्रुपला इंग्लिश, म्हणून कन्फ्यूज झालाय, मग काय करायचं तर मराठी बंद. का? दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलणं अडत नाही, फक्त मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरायचे, "पाणी", "बॉल" आणि "चिडिया" हे तीन शब्द झाले. आणि मराठी बंद केली की आजी-आजोबा गप्प, आई मोडक्या इंग्लिशमध्ये चार वाक्यं बोलणार, म्हणजे मुलाच्या कानावर पडणारं एकूण बोलणंच कमी. मूल समोरासमोरच्या बोलण्यातून शिकतं, त्याने "बू" केलं की आपण उत्तर द्यायचं. कार्टून उत्तर देत नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते की दोन वर्षांखाली स्क्रीन नाहीच (लांबच्या नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल सोडून), दोन ते पाच वर्षं जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी बरोबर बसून. लोकलमध्ये मांडीवर बसलेल्या मुलाला मोबाइल देण्यापेक्षा दादर आलं, बघ किती माणसं उतरली, तो बघ फुलंवाला, असं बोलत राहिलात तर तीच स्पीच थेरपी आहे, फुकटातली.

केजीचं प्रकरण. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला दोन रेघांत कर्सिव्ह, का तर ॲडमिशन. अहो त्या वयात मनगटातली सगळी हाडं पण तयार झालेली नसतात. आधी मळलेली कणीक, मटार सोलणं, कात्री, मग पेन्सिल. समज पण टप्प्याने येते, जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली गोष्ट घरी करून बघा, चार वर्षांच्या मुलासमोर एका बुटक्या वाटीतलं सरबत उंच ग्लासात ओता आणि कशात जास्त होतं विचारा, बहुतेक मुलं ग्लास म्हणतील. सहा-सात वर्षांचं झालं की तेच मूल "तेच तर आहे" म्हणून हसेल. मधल्या काळात ओरडून, क्लास लावून हे समजावता येत नाही, आणि समजलं नाही म्हणून मूल ढ नसतं.

एक दाताचं, सहाव्या वर्षी मागच्या बाजूला एक नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता, म्हणून आपण ती दुधाचीच समजतो आणि किडली तर पडेल म्हणून सोडून देतो. ती कायमची असते. पुन्हा येत नाही.

वयात येणं. आपल्याकडे बोलणं सुरू होतं पाळी आल्यावर, म्हणजे दोन वर्षं उशिरा. मुलींमध्ये पहिली खूण छातीला गाठ येणं, ८ ते १३ वर्षांच्या मध्ये, आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. तेव्हा तिसरी-चौथीतल्या मुलीला सांगायला हरकत नाही, शाळेच्या बसमध्ये डाग दिसून तिला कळण्यापेक्षा बरं. मुलांमध्ये ९ ते १४ च्या मध्ये अंडकोष वाढायला लागतात, आवाज आणि मिशा फार नंतर. ८ च्या आधी मुलीत किंवा ९ च्या आधी मुलात खुणा दिसल्या, किंवा मुलीला १३ आणि मुलाला १४ संपेपर्यंत काहीच नाही, तर डॉक्टर. पाळी १५ पर्यंत आली नाही तरी डॉक्टर. पण आल्यावर पहिली दोन वर्षं ती मागेपुढे होते त्याने घाबरून लगेच गोळ्या सुरू करू नका.

मुलांच्या छातीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. १३-१४ व्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलांना छातीला थोडी गाठ येते, दुखते पण, आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत जाते. पोरगा अचानक स्विमिंग सोडतो, ढगळ टीशर्ट घालतो, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. बाबांनी किंवा काकांनी पाच मिनिटं बोलून टाकलं तर त्याचं दोन वर्षांचं झुरणं वाचतं.

उंचीसाठी धावपळ तर हमखास उशिराच. मुलींची सगळ्यात जोरदार वाढ पाळीच्या आधी होऊन गेलेली असते, नंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उरतात. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी उंचीची पावडर आणणं म्हणजे पैसे पाण्यात. लटकून किंवा दोरीउड्या मारून हाडं लांब होत नाहीत. बघायचं ते आधी, चौथ्या वर्षापासून पुढे वर्षाला ५ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर तेव्हाच दाखवा, हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय कळतं आणि तेव्हा काहीतरी करता पण येतं. अंदाज हवा असेल तर आई-बाबांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर १३ सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर वजा करा, आणि दोनने भागा.

आणि ही पोरं रात्री बारापर्यंत जागतात तो सगळाच माज नसतो. वयात येताना झोपेचं हार्मोन रात्री उशिरा स्रवायला लागतं, झोप हवी ८ ते १० तास, आणि शाळा सातची. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, चांगलंच केलं, पण लहान मुलं तशीही लवकर उठतात, खरी गरज नववी-दहावीवाल्यांना होती. निदान रविवारी त्यांना उठवायला जाऊ नका, आणि फोन रात्री हॉलमध्ये चार्ज करा, सगळ्यांचेच.

धोका पत्करण्याचं पण तसंच. मजा शोधणारा मेंदूचा भाग आधी पेटतो, ब्रेक लावणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पुरा होतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एका कार गेममध्ये दाखवलं की मित्र बाजूला असले की टीनएजर जास्त धोका घेतात, मोठ्या माणसांना त्याने फरक पडत नाही. म्हणजे एकटा असताना आत उभा राहणारा पोरगा चार मित्र असले की लोकलच्या दारात लटकतो. त्याला लेक्चर देऊन उपयोग कमी, तो कुणाबरोबर कुठल्या गाडीने जातो हे माहीत असणं आणि शक्य असेल तर कमी गर्दीची वेळ ठरवून देणं, हे जास्त कामाचं.

पण सगळंच "वय आहे, जाईल" म्हणून सोडायचं नाही. दोन आठवड्यांच्या वर मित्र सोडले, आवडीचं सोडलं, झोप-भूक बिघडली तर दाखवा, आणि "मी नसतो तर बरं" असं एकदा जरी बोललं तर त्याच दिवशी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत पण बोलतात. मूल बोलायला तयार नसेल तर आई-बाबांनी फोन केला तरी चालतो.