ऑलिंपिकचं स्वप्न बघताय? आधी पोराचा जन्मदाखला काढून बघा

माझ्याकडं ग्राउंडवर सकाळी फुटबॉल शिकायला जी पोरं येतात त्यांच्या बापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सर, इंडियाकडनं खेळायला काय करावं लागतं? आणि आता लॉस एंजेलिस 2028 चं नाव सगळ्यांच्या तोंडात आहे, त्यामुळं सर, ऑलिंपिकला जायला काय करावं लागतं, हा दुसरा. फिटनेस, डाएट, अकॅडमी याबद्दल बोलणारे भरपूर आहेत. मी आज एकाच गोष्टीवर लिहिणार आहे, कारण मी त्यातच अडकलो आणि अजून त्यातनं मन बाहेर आलेलं नाही.

जन्मतारीख.

बेसिक तुम्हाला माहीत असणारच. पुरुषांचं ऑलिंपिक फुटबॉल म्हणजे 23 वर्षांखालची टीम, 1992 च्या बार्सिलोनापासून, आणि 1996 पासून तीन मोठ्या वयाचे खेळाडू चालतात. पण हे तीन फक्त ऑलिंपिकमध्ये. तिथं पोचायचा आशियाचा रस्ता म्हणजे एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेचा, अंडर-23 एशियन कप, आणि त्यात मोठ्या वयाचा एकही चालत नाही. म्हणजे सीनियर टीममधला कितीही भारी माणूस असू दे, क्वालिफाय करून द्यायचं ते पोरांनीच. आणि पोरं कोण, तर जी कट-ऑफ तारखेला किंवा त्यानंतर जन्मली ती. पॅरिस 2024 साठी तारीख होती 1 जानेवारी 2001. 31 डिसेंबर 2000 ला जन्मला असाल तर बाहेर, एका दिवसानं. 2028 ला 23 चाच नियम धरला तर 1 जानेवारी 2005 येते, हिशोब करून ठेवा.

माझी खरी जन्मतारीख 9 मार्च 2001. म्हणजे पॅरिसच्या बॅचमधलं सगळ्यात चांगलं वय. कागदावर मात्र मी कित्येक वर्षं 1 जून 2003 चा होतो.

आपल्याकडं 1 जूनची लई माणसं आहेत. आमच्या आज्याच्या पिढीत गुरुजी पोराला शाळेत घालताना अंदाजानं 1 जून टाकायचे, त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. माझी 1 जून तशी नाही. ती मुद्दाम टाकली.

2012 साली मी पाचवीत होतो. कोल्हापुरात पेठेतल्या गल्लीत खेळून खेळून पाय बरा बसला होता. शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅचेस बघायला मी भिंतीवर चढून बसायचो, पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची मॅच असली की त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही तरी चालायचं. तेव्हा आम्हाला शिकवणारे एक अण्णा होते, नाव घेत नाही. माणूस मायाळू, मला बूट स्वतःच्या पैशानं घेऊन दिले होते. त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, पोराचं वय दोन वर्षं खाली आणू, म्हणजे लहान गटात चमकेल, सिलेक्शन होईल, स्पोर्ट्स कोट्यातनं पुढं नोकरीबी लागेल. वडील शिरोलीला फौंड्रीत कामाला, त्यांना या लाइनीतलं काय कळणार. सगळेच करतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. माझी मूळ नोंद महापालिकेत होतीच. आता गावाकडं ॲफिडेव्हिट करून उशिराची म्हणून दुसरी नोंद झाली, त्यावर नवा दाखला निघाला, शाळा बदलली, आणि मी पाचवीत परत बसलो. सहा महिन्यांत सगळं झालं. करायला सहा महिने आणि निस्तरायला पावणेचार वर्षं, हे लक्षात ठेवा.

पुढची चार-पाच वर्षं मी चमकलो हे खरं आहे. अकरा-बारा वर्षांच्या पोरांत मी तेरा-चौदाचा. बॉल पुढं ढकलायचा, पळायचं, खांदा लावायचा, गोल. कुणी अडवूच शकायचं नाही. घरात कप ठेवायला जागा नव्हती. आणि याच चार वर्षांत माझा फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात काबूत घेणं, घडायचा होता, डावा पाय घडायचा होता, बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघायची सवय लागायची होती. त्यातलं काहीच झालं नाही, कारण गरजच पडली नाही. लोक वय चोरण्याला नुसती फसवणूक म्हणतात, पकडलं तर काय होईल एवढाच विचार करतात. न पकडताच जे नुकसान होतं ते कुणी सांगत नाही. पोरगं शिकायच्या वयात शिकतच नाही. बारा ते पंधरामध्ये जे पायात बसतं ते नंतर घासून घासून थोडंफार येतं, पण दबावाखाली निसटतं.

एक मॅच डोळ्यासमोर आहे. बाहेरच्या राज्यात स्पर्धा, समोर मणिपूरचं एक पोरगं, माझ्या छातीपर्यंत उंची. मी नेहमीसारखा अंगावर गेलो. त्यानं बॉल तळव्याखाली घेतला, अर्धं पाऊल मागं ओढला आणि मी ज्या बाजूनं आलो त्याच बाजूनं निघून गेला. मी रिकाम्या जागेत खांदा मारला. पहिल्या हाफमध्ये तीनदा. तेव्हा मला राग आला होता, आज कळतंय की त्याला रोज त्याच्यापेक्षा मोठ्यांत खेळवलं असणार आणि मला रोज लहानांत.

2017 ला हाडांची टेस्ट झाली. टीडब्ल्यू-3 म्हणतात, डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडांची वाढ किती झालीय त्यावरनं वय काढतात. ती प्लेट गार होती, बोटं फाकवून ठेवायला सांगितली, दोन सेकंदांचं काम. लाइनमध्ये माझ्या मागं उभा असलेला पोरगा मला विचारत होता, दुखतं का रे. मी म्हटलं, नाही. रिझल्ट आला, माझं नाव यादीत नव्हतं. कागदावर चौदा, हाड सांगतंय सोळाच्या पुढं. परतीच्या गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही आणि अण्णांनी फोन उचलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मोठ्या वयात ही टेस्ट नाही तर प्रश्न सुटला. अहो तिथंच खरा फास आहे. अठराच्या आसपास मनगटाची हाडं जुळून जातात, त्यानंतर एक्स-रे काहीच सांगू शकत नाही, म्हणून अंडर-23 ला सगळं कागदावर आलं. पासपोर्ट, आणि त्याच्या मागं जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार. शिवाय देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीच्या सिस्टिममध्ये, तुमची एकदा नोंद झाली की ती तारीख तुमच्या मागं प्रत्येक क्लबला जाते. चारही ठिकाणी एकच तारीख पाहिजे. एकच. स्पेलिंगसुद्धा एकच. माझ्या महापालिकेच्या दाखल्यावर 2001, गावच्या दाखल्यावर 2003, शाळेत 2003, आधारवर 2003. मी खरं करायला निघालो तेव्हा प्रत्येक खिडकीवर मला पुढच्या खिडकीवर पाठवलं. गावची नोंद रद्द झाल्याशिवाय शाळा ऐकत नाही, शाळेच्या रजिस्टरला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मग गॅझेट, मग आधार. आणि आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळं घाईत तिथं आधी जाऊ नका, ते सगळ्यात शेवटी. पासपोर्ट त्याच्यापण नंतर. मी 2018 च्या सुरुवातीला लागलो, मधी लॉकडाऊन आलं, 2021 च्या शेवटी सगळे कागद एका रांगेत आले. 2019 मध्ये एका मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह टीमनं मला घ्यायचं ठरवलं होतं, आठ दिवस तिथं राहिलोपण होतो. नोंदणीच्या वेळी तारखेचा घोळ निघाला आणि त्यांनी बॅग भरायला सांगितली. त्यांची चूक नाही, मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

सप्टेंबर 2023 ला आपली अंडर-23 टीम चीनमध्ये दालियानला पॅरिसच्या पहिल्या पायरीसाठी खेळली. कोच क्लिफर्ड मिरांडा, गोव्याचे. चीनशी 2-1 नं हरलो, यूएईशी 3-0 नं, संपलं. मी फोनवर बघत होतो. त्या टीममध्ये माझं नाव असतंच असं मी म्हणत नाही, माझा फर्स्ट टच कसा आहे मला माहीत आहे. पण त्यातली पोरं माझ्या वयाची होती, माझ्या खऱ्या वयाची, आणि मी त्या शर्यतीत उभासुद्धा नव्हतो याचं अजून वाईट वाटतं.

थोडं मोठं चित्र सांगतो म्हणजे हा डोंगर केवढा आहे ते कळेल. भारत ऑलिंपिक फुटबॉलला शेवटचा खेळला 1960 ला रोममध्ये. त्याआधी 1956 ला मेलबर्नला चौथे आलो होतो, ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं आणि नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली, मूळ गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत टाटाकडनं खेळणारा. म्हणजे आपल्या मातीतला माणूस तिथं जाऊन तीन गोल मारून आलाय हे पोरांना सांगा, मी दरवर्षी नव्या बॅचला सांगतो. त्यानंतर मात्र अंडर-23 एशियन कपच्या मुख्य स्पर्धेतसुद्धा आपण एकदापण पोचलेलो नाही. सगळ्यात जवळ गेलो 2025 च्या सप्टेंबरला, दोहाला, नौशाद मूसा कोच असताना. बहरीनला 2-0, कतारशी 1-2, ब्रुनेईला 6-0, सहा पॉइंट, ग्रुपमध्ये दुसरे, तरी बाहेर, कारण अकरा ग्रुपचे विजेते आणि दुसऱ्या नंबरातले फक्त चार चांगले पुढं जातात. आणि मुख्य स्पर्धेत पोचलं तरी काय सोपं नाही. पॅरिससाठी आशियातनं जपान, उझबेकिस्तान, इराक गेले, इंडोनेशिया गिनीविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये एका गोलनं राहिलं, आणि 1988 पासून प्रत्येक ऑलिंपिकला असलेला दक्षिण कोरिया घरी बसला. 2028 ला तर पुरुषांच्या टीम 16 वरनं 12 केल्यात.

हे ऐकून पोराचं मन मोडू नका. तो कुठल्या लेव्हलला जाईल हे आज चौदाव्या वर्षी कुणीच सांगू शकत नाही, मीपण नाही. आज बारीक, बुटका, मागं पडलेला पोरगा सतराव्या वर्षी एकदम फुटतो, मी डोळ्यानं बघितलंय. जानेवारीत जन्मलेली पोरं डिसेंबरवाल्यांपेक्षा लहान गटात मोठी दिसतात, त्यामुळं डिसेंबरवाल्यांना आधी डावललं जातं. तुमचा डिसेंबरचा असेल तर त्याला जास्त वेळ द्या. तारीख हलवू नका.

आणि हो, मुलींच्या पालकांनो, बायकांच्या ऑलिंपिक फुटबॉलला वयाची अट नाही, सीनियर टीमच खेळते. 2019 ला ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत म्यानमारमधल्या मंडालेला आपल्या पोरी इंडोनेशिया, नेपाळला हरवून शेवटी म्यानमारशी 3-3 बरोबरीत राहिल्या आणि नुसत्या गोल फरकानं बाहेर गेल्या. मुलीला वीस झाली, आता काय, असं म्हणून बूट माळ्यावर टाकू नका.

दलालांबद्दल एकच. सीनियर किंवा अंडर-23 नॅशनल टीमची ओपन ट्रायल नसते. पैसे घेऊन इंडिया कॅम्पची ट्रायल लावतो म्हणणारा खोटं बोलतोय, मग तो कितीही फोटो दाखवू दे. नजर जाते ती आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, आणि तिच्या खालच्या लीगच्या क्लबांवर, त्यांच्या रिझर्व्ह आणि युथ टीमवर, डेव्हलपमेंट लीगवर, ज्युनियर नॅशनल आणि स्वामी विवेकानंद अंडर-20 स्पर्धेवर. त्यामुळं खेळायला चांगल्या क्लबात जा, बाकी आपोआप होतं म्हणत नाही, पण दुसरा दरवाजा नाही. आणि क्लबशी सूतपण जमवून ठेवा, कारण अंडर-23 साठी खेळाडू सोडायची क्लबांवर सक्ती नसते. 2023 च्या एशियन गेम्सला टीम जेमतेम गोळा करून पाठवली, पोरं पोचली आणि जवळपास लगेच चीनशी मॅच, 5-1 नं हरलो.

कोच कसा ओळखायचा, तर माझं मत सरळ आहे. पहिल्याच आठवड्यात जो मूळ दाखला बघायला मागतो त्याच्याकडं पोरगं ठेवा, भले तो खडूस असू दे. कागदाचं मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका, असं गोड बोलणाऱ्याकडनं त्याच दिवशी घरी आणा. अण्णांचा मला आता राग येत नाही, त्यांना खरंच माझं भलं करायचं होतं, पण भलं करायचं म्हणून त्यांनी मला जे दिलं ते मी कुणालाच देणार नाही.

ज्यांच्या घरात हे आधीच झालंय त्यांच्यासाठी, कारण मला माहीत आहे तुम्ही हे वाचताय. घाबरू नका पण थांबूपण नका. पोरगं बारा-तेराचं असेल तर अजून पासपोर्ट नाही, बहुतेक सीआरएस नाही, शाळा चालू आहे, आणि शाळा चालू असताना रजिस्टर दुरुस्त होणं दाखला घेऊन बाहेर पडल्यावर होण्यापेक्षा किती तरी सोपं. क्लबला स्वतः जाऊन सांगा. दोन कप परत द्यावे लागले तर द्या, एखादा सीझन बसावं लागलं तर बसा. टेस्टमध्ये निघाल्यावर कुणी ऐकून घेत नाही, आधी सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

मागच्या सोमवारी एक बाप आला होता, रिक्षा चालवतो, पोरगं डाव्या पायाचं, खरंच गोड खेळतं. पिशवीतनं दोन दाखले काढून त्यानं माझ्यासमोर ठेवले आणि काही न बोलता उभा राहिला. एकावर 2012, एकावर 2014. मी प्रॅक्टिस दुसऱ्या सरांवर सोडली, त्याच्याच रिक्षात बसून आम्ही महापालिकेत गेलो. अर्ज दिलाय, पोच घेतलीय, पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. पोरगं शनिवारपासून अंडर-15 च्या पोरांत खेळतंय, पहिल्या दिवशी त्याला बॉल लागलाच नाही, काल दोनदा मान वळवून मागं बघितलं आणि मग पास दिला.