भोपळा बनवत बसू नका: लोककथेचं बालनाट्य बसवताना या चुका टाळा

उन्हाळी शिबिरात ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ बसवायचं ठरलं की पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो: भोपळा कोण करणार? एका वर्षी मीच केला. बांबूच्या कामट्या, वर्तमानपत्रांचे थर, वर केशरी रंग. आठ दिवस त्यात गेले. प्रयोगात म्हातारी आत शिरली आणि दिसेनाशीच झाली. आवाज कोंडला, भोपळा विंगेत अडकला.

पुढच्या वर्षी ६ मुलांनी हात धरून कडं केलं, म्हातारी मधोमध. कडं टुणूक टुणूक उड्या मारत निघालं आणि वाघ दिसताच आकसलं. समोरची बालवाडीतली पोरं “पळ, पळ!” ओरडायला लागली. कागदाच्या भोपळ्याला एकानेही हाक मारली नव्हती.

सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटिल थिएटर’ ही बालनाट्यसंस्था सुरू केली, तेव्हापासून मराठी बालरंगभूमीवर देखण्या नेपथ्याचं कौतुक आहे, आणि ते रास्तच आहे. पण त्यासाठी रंगमंच लागतो, तंत्रज्ञ लागतात. शाळेच्या हॉलमध्ये नक्कल करायला जाऊ नका.

दुसरी चूक, पालुपद कापणं. “लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा” हे प्रत्येक प्राण्याला पुन्हा ऐकवलं की मोठ्यांना कंटाळा येतो, म्हणून एकदाच ठेवतात. तिसऱ्या खेपेला ती ओळ प्रेक्षकांतली मुलंच म्हणतात हो! ओळ तीच राहू द्या, म्हणण्याची तऱ्हा बदला. वाघापुढे थरथरत, कोल्ह्यापुढे लाडीगोडीने. कशी, ते मुलांनाच ठरवू द्या. आणि मधेच कुणी संवाद विसरलं तर विंगेतून ओरडू नका. बाकीच्यांना पालुपद म्हणायला लावा, तेवढ्यात त्याला आठवतं.

वाघाला गोडगोड करू नका. आमच्याकडे एका पालकांच्या आग्रहाखातर वाघ मैत्रीपूर्ण केला, तर तालमीत प्रश्न आला, “मग आजी पळते कशाला?”

उरलेल्या मुलांना ‘झाड’ करून उभं करायची सवय तर सोडाच. करायचंच असेल तर विचारा, कुठलं झाड? एक मुलगा “बाभूळ” म्हणाला आणि त्याने येता-जाता म्हातारीचं लुगडं अडकवलं. आमच्या नाटकातला सगळ्यात मोठा हशा त्याचा.

संवाद आधी रेकॉर्ड करून वाजवू नका. वीज गेली की सगळे मुके.

आणि शेवटी माइक घेऊन “तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?” हे नको. गेल्या वर्षी पडदा पडल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “आता आजी परत लेकीकडे कशी जाणार? वाघ तिथेच आहे की!” मी उत्तर दिलं नाही. पुढच्या रविवारी तिलाच म्हातारी केलं आणि परतीचा प्रवास बसवायला घेतला.