परदेशातल्या बिझनेस पार्टीला जाताना

आधी निमंत्रणपत्रिकेतला ड्रेस कोड नीट वाचा. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे काळा टाय नव्हे! तिथे टक्सिडो (चकचकीत कॉलरचा, संध्याकाळच्या समारंभाचा खास सूट), पांढरा शर्ट आणि काळा बो टाय अपेक्षित असतो. ‘लाउंज सूट’ किंवा ‘बिझनेस अटायर’ लिहिलं असेल तर नेहमीचा सूट आणि टाय चालतो. काहीच लिहिलं नसेल तर यजमानांच्या ऑफिसात सरळ विचारून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

एकच सूट न्यायचा असेल तर मी गडद नेव्ही ब्लू सुचवेन. दिवसाच्या मीटिंगलाही तो शोभतो आणि रात्रीच्या पार्टीलाही.

खरं तर कापडापेक्षा फिटिंग जास्त बोलतं. कोटाची शिवण खांद्याच्या टोकाशीच संपायला हवी. खांदे नंतर दुरुस्त करणं फार अवघड. बाहीतून शर्टाचा कफ साधारण 1 सेंटिमीटर दिसू द्या. टायचं टोक बेल्टच्या बकलपर्यंत यावं. कोटाचं सर्वांत खालचं बटण उघडंच ठेवा, आणि बसताना बाकीचीही सोडा. नवा कोट असेल तर मागच्या चिरेवरचा फुलीसारखा टाका आणि बाहीवरचं लेबल आठवणीने उसवा. ती शिवण फक्त दुकानात कोटाचा आकार टिकावा म्हणून असते, पण कितीतरी जण तशीच ठेवून फिरतात, फार वाईट दिसतं.

मोजे पोटरीपर्यंतचे घ्या, पायावर पाय टाकल्यावर उघडी कातडी दिसता कामा नये. बूट मात्र नवेकोरे नेऊ नका, आधी आठवडाभर घरात वापरा.