सिंहगडाची वाट आणि माझी लिंक

मी गडवाटांचे व्हिडिओ करतो. पूर्वी नवा व्हिडिओ आला की सोसायटीच्या, ट्रेकच्या सगळ्या ग्रुपवर नुसती लिंक टाकायचो. शेवटी एका काकांचा फोन आला, "अरे, रोज काय हे? दोन ओळी तरी लिही!" मनाला लागलं, पण खरं होतं.

आता कुणी विचारलं तरच देतो. परवा एका ताईंनी विचारलं, पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड आईला जमेल का? आधी उत्तर लिहिलं: चढ दमवतो, गुडघे दुखत असतील तर गाडीरस्त्याने जा. मग खाली, 'हा माझाच व्हिडिओ, खडी चढण ४:१० पासून,' आणि थेट तिथूनच सुरू होणारी लिंक. कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या 'शेअर'मध्ये 'स्टार्ट अ‍ॅट'वर टिक केलं की ती मिळते.

रविवारी ताईंनी गडाच्या पुणे दरवाज्यातला आईंचा फोटो पाठवला.