वाईटातून चांगलं शोधायचं कसं, पण स्वतःला न फसवता

काही वाईट झालं की तासाभरात कुणीतरी म्हणतंच, अरे जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. माझी नोकरी गेली तेव्हा पहिल्याच दिवशी हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं, चौथ्याचा तर फोनच ठेवून दिला. आता वाक्य अगदीच खोटं आहे असंही नाही, पण टायमिंग चुकतं, आणि चांगलं काही आपोआप होत नसतं हो, ते नंतर बसून शोधावं लागतं, महिन्याचा हिशोब काढतो तसं. तो हिशोब मला जसा जमला तसा सांगतो.

सगळ्यात आधी, पहिले काही दिवस काहीही पॉझिटिव्ह शोधायला जाऊ नका. खरंच. रडायचं असेल तर रडा, चिडायचं असेल तर चिडा, फक्त मोठे निर्णय घेऊ नका आणि रात्री दोन वाजता बॉसला किंवा एक्सला लिहिलेला लांबलचक मेसेज ड्राफ्टमध्येच राहू द्या. जेवण आणि झोप एवढं धरून ठेवलं तरी खूप झालं.

मग एक वही घ्या. मोबाईल नाही, वहीच, कारण मोबाईलवर लिहिता लिहिता आपण कधी रील्स बघायला लागतो कळत नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग छापला होता, रोज 15 मिनिटं असं सलग 4 दिवस आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायचं. ज्यांनी काय झालं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे पहिल्या दिवशी लिहून डोकं जड झालं तर पद्धत फसली असं समजू नका, ते होतंच.

मी यात माझी एक भर घातली, पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे फक्त तेवढंच जे खोलीत कॅमेरा असता तर त्याला दिसलं असतं, आणि उजवीकडे आपण त्याचा काढलेला अर्थ. माझ्या डावीकडे होतं, मंगळवारी साडेचारला आत बोलावलं, आठ मिनिटं बोलले, शुक्रवार शेवटचा दिवस. संपलं, तीन ओळी. उजवीकडे मात्र दीड पान भरलं, मी कामाचाच नाही, आता या वयात कोण घेणार, घरच्यांना काय तोंड दाखवू, वगैरे वगैरे. ते दीड पान आणि त्या तीन ओळी शेजारी शेजारी बघितल्यावर मला पहिल्यांदा थोडं हसू आलं.

उजवी बाजू वाचताना स्वतःशी नावाने बोलून बघा, म्हणजे "मी असं का केलं" च्या जागी स्वतःचं नाव घेऊन "तू असं का केलंस" असं. वेड्यासारखं वाटतं पण यावरही संशोधन झालंय, त्याने आपण स्वतःपासून जरा लांब उभे राहतो आणि मित्राला जसं समजावतो तसं बोलायला लागतो. मित्राला आपण कधी "तू कामाचाच नाहीस" म्हणत नाही ना.

आता खरा शोध. "यातून चांगलं काय झालं" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर एकतर "काही नाही" येतं नाहीतर काहीतरी भाषणबाजी येते. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत एकेका ओळीत लिहा. काय सहन करणं थांबलं? कुणाचा फोन आला, आणि कुणाचा येईल वाटलं होतं पण आला नाही? महिन्यापूर्वी माहीत नव्हतं असं आता काय माहीत आहे? एरवी जमलं नसतं असं काय या दिवसांत करून टाकलं? टेडेस्की आणि कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली संकटानंतरचे असे चांगले बदल मोजायची प्रश्नावलीच काढली, नाती, नव्या वाटा, स्वतःची ताकद, अध्यात्म आणि जगण्याची किंमत कळणं असे पाच भाग. त्यांचं म्हणणं मला पटतं, की हे बदल त्या घटनेमुळे होत नाहीत, नंतर आपण जी झटापट करतो त्यातून होतात, आणि दुःख शेजारी तसंच बसलेलं असतं.

माझं पहिलं उत्तर अगदी फालतू होतं. डोकेदुखीची गोळी. ड्रॉवरमधलं पाकीट तीन आठवडे तसंच पडलं होतं, आधी आठवड्याला संपायचं. रात्री अकराचे मेल बंद झाले आणि डोकं दुखायचं थांबलं, आणि चार वर्षं मी ते चष्म्याच्या नंबरवर ढकलत होतो!

फक्त एक चाचणी लावाच, नाहीतर कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं व्हायचं. गेलेली गोष्ट उद्या परत मिळाली तरी ही ओळ खरी राहील का? "ती कंपनीच भंगार होती" ही ओळ परत बोलावणं आलं असतं तर अर्ध्या तासात पुसली असती मी. गोळीची ओळ पुसली नसती.

थोडक्यात हुकलं असेल तर जरा वेगळं प्रकरण आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचे व्हिडिओ बघून संशोधकांना दिसलं की सिल्व्हरवाल्यांपेक्षा ब्राँझवाले जास्त खूश दिसतात, कारण एकाच्या डोक्यात गोल्ड गेलं आणि दुसऱ्याच्या डोक्यात मेडल तरी मिळालं. दोन मार्कांनी राहिलेल्याने, शेवटच्या राउंडला इंटरव्ह्यूत कटलेल्याने आपण कुणाशी तुलना करतोय ते मुद्दाम खालच्या बाजूनेही एकदा करून बघावं. रोज नाही, नाहीतर तयारीच सुटते.

आणि जवळचं माणूस गेलं असेल, मोठा आजार असेल, कुणी अत्याचार केला असेल, तर यातलं काहीही करायची सक्ती नाही. तिथे चांगलं सापडलं नाही म्हणून तुम्ही कुठे कमी पडलात असं अजिबात नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली असं चाललं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला भेटा, आणि जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

बाकीच्यांनी पानावर तारीख टाकून वही ठेवून द्यायची आणि सहा महिन्यांनी उघडायची. मी उघडली तेव्हा सात ओळींतल्या तीन खोट्या निघाल्या, त्यात "आता रोज सकाळी पळायला जाणार" ही पण होती, त्या खोडल्या. उरलेल्या चारात एक होती त्या मित्राची, ज्याचा फोन मी ठेवून दिला होता, त्याने दुसऱ्या दिवशी परत केला होता.