पाइप गॅस घरी आलाय? मग सिलेंडरच्या सवयी तशाच ठेवू नका

मुंबई-पुण्यात आता बऱ्याच बिल्डिंगमधे पाइपचा गॅस आलाय, आमच्याकडेही आला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की आता कटकट संपली, नंबर लावायला नको. ते खरंय. पण टाकीतला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लीक झाला की जमिनीलगत पसरतो. पाइपमधला नॅचरल गॅस म्हणजे बहुतेक सगळा मिथेन, हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा, तो थेट वर छताकडे जातो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तर सगळ्यात आधी किचनमधे वरची हवा मोकळी आहे का बघा. खिडकीच्या वरची जाळी धूळ येते म्हणून प्लायने बंद केलेली असते, तेवढी आजच उघडा. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते, त्यामुळे त्याला बाहेर जायला वाट हवीच. पाइपलाइन फर्निचरच्या मागे किंवा पीओपीत लपवू नका, दिसायला छान दिसतं पण लीक कुठे आहे ते कळणार कसं? आणि पाइपला पिशव्या, ओले कपडे अडकवणं बंद करा.

मग कॉक शोधा. एक शेगडीजवळ असतो, एक मीटरपाशी. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. घरातल्या प्रत्येकाने, आजीपासून शाळेतल्या पोरांपर्यंत, एकदा स्वतःच्या हाताने तो फिरवून बघावा. ट्रॉलीमागे गेला असेल तर सुताराला बोलवून तिथे कापून घ्या, कॉकपर्यंत हात पोचलाच पाहिजे. गावाला जाताना मीटरजवळचाही बंद करून जा.

शेगडी जुनीच वापरणार असाल तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलून घ्यावे लागतात. तेवढ्याच जागेत मावणाऱ्या नॅचरल गॅसमधे एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. हे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, ओळखीच्या प्लंबरकडून नको. आणि पाइपवर चालणारी शेगडी पुन्हा टाकीला जोडू नका, जाळ भलताच मोठा येतो. ज्योत निळी हवी. पिवळी पडायला लागली, भांडी काळी व्हायला लागली, तर बर्नर साफ करा, तरी नाही सुधारली तर माणूस बोलवा. रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, चिरा गेल्या असतील तर तारखेची वाट न बघता बदला.

लीक तपासायचा सोपा उपाय सांगते. रात्री सगळे बर्नर आणि गीझर बंद करा, कॉक मात्र चालू ठेवा, मीटरवरचे शेवटचे आकडे लिहून घ्या, अर्ध्या तासाने परत बघा. आकडा हलला तर कुठेतरी गळतंय. जॉइंटला साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. काडी पेटवून कधीच बघू नका.

आमच्या बिल्डिंगमधे रस्ता खोदताना लाइन तुटली होती, गॅस गेला, शेजारच्या काकूंची शेगडी विझली पण नॉब चालूच राहिला, तासाभराने गॅस परत आला आणि सगळ्या किचनमधे वास. नशीब त्यांनी लायटर हातात घ्यायच्या आधी मुलगी आली. म्हणून गॅस गेला की नॉब बंद, कॉक बंद. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी तेच.

वास आलाच तर कॉक बंद करा, दारं खिडक्या सताड उघडा. लाइटचं बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्या, एक्झॉस्ट लावू नका, बेल वाजवू नका. माणसं बाहेर काढा, फोन बाहेर गेल्यावरच करा. गॅस कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो आत्ताच मोबाइलमधे सेव्ह करा आणि दाराजवळ लिहून ठेवा.

आणि गॅस गीझर, याबद्दल मला फार काळजी वाटते. बंद बाथरूममधे तो ऑक्सिजन खातो आणि मग नीट न जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. गॅसला मुद्दाम जो वास घातलेला असतो तोही जळताना निघून जातो, त्यामुळे नाकाला काही कळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि माणूस आतच कोसळतो. अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण. गीझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत मोकळ्या हवेत बसवा, फक्त गरम पाण्याची लाइन आत घ्या. भाड्याच्या घरात तो आतच असेल तर मालकाशी बोला, आणि तो बाहेर जाईपर्यंत दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच कडी लावून अंघोळ करा.