पत्र्याखाली पीयू फोम मारला. आता घरात कधी आणि कसं परतावं?

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं. त्यावर उपाय म्हणून काहीजण पत्र्याला आतून पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा स्प्रे मारून घेतात. फोम काही सेकंदांत फुगतो, काही मिनिटांत हाताला कडक लागतो आणि फसगत तिथेच होते. संध्याकाळी कारागीर गेले की रात्री त्याच खोलीत अंथरुणं पडतात.

फोम वरून कडक झाला तरी आतली रासायनिक क्रिया चालूच असते. हा फोम दोन पिंपांतल्या रसायनांपासून जागेवरच बनतो: एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल, अमाईन वगैरे. दोन्ही स्प्रेच्या गनमध्ये निम्मं-निम्मं मिसळतं. यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे जरासं लागलं तरी धाप लागते. त्याला वासही फारसा नसतो. नाकाला कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यामुळे वासापेक्षा घड्याळ बघा.

काम सुरू होण्याआधी

आधी पाण्याचं बघा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतात. ती बाहेर काढा. निघत नसतील तर झाकण लावून वर प्लॅस्टिक ताणा आणि कडेने टेप मारा. धान्याचे डबे, चादरी, दप्तरं बाहेर. घरात विड्या वळत असाल तर पानं-तंबाखू आणि माग असेल तर सूतही हलवा, कारण असल्या मालात वास मुरतो. किती तासांनी घरात यायचं, हे फोमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघून ठेकेदाराकडून कागदावर लिहून घ्या.

पत्रे जुने सिमेंटचे असतील तर ते कोरडे खरवडू देऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फोमपेक्षा वाईट.

पहिले २४ तास

मोजणी शेवटचा स्प्रे थांबल्यापासून. २४ तास हे किमान समजा. कागदावर जास्त लिहिलं असेल तर तेच पाळा. घरात दम्याचा रुग्ण, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ७२ तास नातेवाइकांकडे राहिलेलं बरं. ‘आम्ही शेजारच्या खोलीत झोपतो’ याला अर्थ नाही. पत्र्याच्या घरात मधल्या भिंती बहुधा वरपर्यंत नसतात. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून हवा सगळीकडे फिरते. भिंतीला भिंत लागून घर असेल तर शेजाऱ्यांनाही आधी सांगा.

एका खिडकीत एक्झॉस्ट पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. नुसता छताचा पंखा तीच हवा घुसळत बसतो. एसी बंद. कूलर लावायचाच तर तो खिडकीबाहेरून ताजी हवा आत ढकलेल असा हवा. कापडी मास्क बांधून मध्येच आत डोकावू नका, वाफ त्यातून आरपार जाते.

परतल्यावर

फरशी आणि कट्टा ओल्या फडक्याने पुसा, कोरडा झाडू नको. उघडं राहिलेलं पाणी ओतून द्या.

मग फोम बोटाने दाबून बघा. मऊ, चिकट लागला आणि सडक्या मासळीसारखा वास आला तर पॉलिओलची बाजू जास्त पडली. ठिसूळ होऊन भुगा पडत असेल तर आयसोसायनेट जास्त. एका दमात ५० मिलिमीटरपेक्षा जाड थर मारला तर आत उष्णता कोंडते. कापल्यावर मध्ये तपकिरी, करपलेला भाग दिसतो. वास दिवसेंदिवस हटत नसेल तर अगरबत्ती किंवा रंगाचा हात मारून भागत नाही. ठेकेदाराला बोलावून बिघडलेला भाग काढून घ्या आणि कापताना घरच्यांनी पुन्हा बाहेर थांबा.

डोळे चुरचुरले, खोकला आला किंवा छातीत घरघर झाली तर लगेच मोकळ्या हवेत जा. त्रास कधीकधी काही तासांनी, मध्यरात्रीही उठतो. डॉक्टरांना ‘घरात आयसोसायनेटचा फोम मारलाय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘धुळीची ॲलर्जी’ म्हटलं तर निदान भलतीकडे जातं.

आगीचं काय?

राहत्या खोलीत फोम उघडा ठेवू नका; खाली १२.५ मिलिमीटरचं जिप्सम बोर्ड लावा. समई, गॅसची शेगडी यांच्यावर उघडा फोम तर नकोच. पुढे कधी पत्र्यावर वेल्डिंग करायचं झालं तर खाली फोम आहे हे वेल्डरला आधी सांगा, नाहीतर ठिणगी वर पडते आणि आग खाली लागते.

कापलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात घालायचा मोह होतो, कारण ते भराभर पेटतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. तुकडे पोत्यात भरून ठेकेदाराला परत द्या आणि त्याने पोतं उचलल्यावरच उरलेले पैसे हातावर ठेवा.